‘लिनक्सवर आधारित’ म्हणजे नेमके कशावर?

संगणक शिक्षिका, राजारामपुरी:
अँड्रॉइड ही ‘लिनक्सवर आधारित’ प्रणाली आहे, हे वाक्य पुस्तकांत आणि बातम्यांत सर्रास आढळते. माझा आक्षेप ‘आधारित’ या शब्दाला आहे, कारण काय घेतले आणि किती घेतले हे तो सांगत नाही. अँड्रॉइडने लिनक्सचा कर्नल घेतला, म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि हार्डवेअर सांभाळणारा गाभा घेतला. परंतु उबुंटू किंवा डेबियन या संगणकावरच्या लिनक्स प्रणालींमध्ये या गाभ्यावर ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची सी लायब्ररी (प्रोग्रॅमला कर्नलशी जोडणारा तयार कोड) आणि कमांड असतात, त्या घेतल्या नाहीत. त्यांच्या जागी बायोनिक ही स्वतंत्र लायब्ररी आहे आणि ॲप चालवण्यासाठी एआरटी (अँड्रॉइड रनटाइम) हा घटक आहे. उबुंटूसाठी तयार केलेला प्रोग्रॅम फोनवर का चालत नाही, असे विद्यार्थी विचारतात, आणि त्यांचा गोंधळ त्या एका शब्दातून आलेला असतो. ‘लिनक्स कर्नल वापरणारी प्रणाली’ असेच लिहिले जावे, असे मला ठामपणे वाटते.

सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, शाहूपुरी:
मॅडम, मी असहमत आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जे प्रसिद्ध केले तो कर्नलच होता, आणि लिनक्स हे त्याचेच नाव आहे. अल्पाइन लिनक्स या छोट्या प्रणालीमध्येही ग्नूची सी लायब्ररी नाही. तिथे मसल ही वेगळी सी लायब्ररी आणि कमांडसाठी बिझीबॉक्स असते, तरी तिला लिनक्स म्हणायला कोणी हरकत घेत नाही. उद्यमनगरात तयार झालेले इंजिन विहिरीवरच्या पंपाला जोडले काय किंवा उसाच्या चरकाला जोडले काय, इंजिन तेच राहते. शिवाय २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून अँड्रॉइडसाठीचे बदल मूळ कर्नलमध्ये पुन्हा सामावून घेतले जाऊ लागले. मग अँड्रॉइडला थेट लिनक्स म्हणण्यात चूक कोणती?

संगणक शिक्षिका, राजारामपुरी:
अल्पाइनचे उदाहरण योग्य आहे, आणि केवळ ग्नू नाही म्हणून लिनक्स नाही, असे माझेही म्हणणे नाही. परंतु अल्पाइनवर नेहमीचे प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करून (मूळ कोडपासून नव्याने बांधून) बहुतेक वेळा चालवता येतात. अँड्रॉइडचे ॲप मात्र मुख्यतः गूगलच्या फ्रेमवर्कशी, म्हणजे तयार सुविधांच्या संचाशी, बोलते, आणि ८.० आवृत्तीपासून ॲपला कोणते सिस्टिम कॉल (कर्नलकडे करायच्या थेट मागण्या) करता येतील यावरही गाळणी बसवलेली आहे. आयफोनचा एक्सएनयू कर्नल माख हा कर्नल आणि युनिक्स या जुन्या प्रणालीच्या कुळातील बीएसडी यांच्यापासून घडला आहे, तर लिनक्स युनिक्सचा कोड न घेता नव्याने लिहिला गेला; तरीही पुस्तकांतल्या तक्त्यात दोन्ही फोनांपुढे ‘युनिक्सवर आधारित’ असे छापले जाते आणि दोघांचा कोड एकच असावा असे विद्यार्थी धरून चालतात.

मोबाइल दुरुस्ती व्यावसायिक, लक्ष्मीपुरी:
आमच्या धंद्यात ‘अँड्रॉइडवर आधारित’ हा शब्दप्रयोग अधिक त्रासाचा ठरतो. जानेवारी २०२३ मध्ये भारओएस ही मोबाइल प्रणाली स्वदेशी म्हणून पुढे आली, पण तिच्या मुळाशी अँड्रॉइडचा खुला कोड आहे, हे ग्राहकाला पटवावे लागते. हुआवेच्या हार्मनी प्रणालीचेही तसेच: आधीच्या आवृत्त्यांच्या फोनवर अँड्रॉइडची ॲप चालत, आणि २०२४ च्या हार्मनीओएस नेक्स्टमधून अँड्रॉइडचा कोड काढून टाकला गेला. नाव जवळपास तेच असले तरी पाया बदलला, म्हणून आधाराचा उल्लेख आवृत्तीसह केला पाहिजे.

सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, शाहूपुरी:
आवृत्तीचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. लिनक्सचे नाव मागे ढकलणे मान्य नाही. कर्नल जीपीएल या, बदलांचा कोड खुला करायला लावणाऱ्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे आणि अँड्रॉइडचा उरलेला बराचसा खुला भाग अपाचे या तशी सक्ती नसलेल्या परवान्याखाली आहे. त्यामुळे फोन विकणाऱ्या कंपनीला कर्नलमधील आपल्या बदलांचा सोर्स कोड मागणाऱ्याला द्यावाच लागतो, वरच्या आवरणाचा द्यावा लागत नाही. कंपनीने अपडेट थांबवल्यावर जुन्या फोनसाठी नवी रॉम, म्हणजे फोनमध्ये भरायची प्रणाली, तयार करणारे लोक याच कोडवर विसंबून असतात, आणि हा हक्क त्यांना लिनक्सने दिला आहे.

संगणक शिक्षिका, राजारामपुरी:
हा हक्क नेमका कर्नलपुरताच आहे, सर. म्हणूनच तर वाक्यात ‘कर्नल’ हा शब्द असायला हवा.