मुलाच्या गुडघ्यामागे गोचीड सापडला, पुढे काय करू?

उन्हाळपाखरू

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या खोऱ्यात राहतो. शनिवारी दुपारी तंबू घेऊन हॅरिमन स्टेट पार्कला गेलो होतो, काल रविवारी रात्री परत आलो. मुलाला आंघोळ घालताना गुडघ्यामागे काळा ठिपका दिसला. आधी तीळ वाटला, पण तिथे त्याला तीळ नाही. भिंग धरल्यावर पाय दिसले आणि माझे हातपायच गळाले. नवऱ्याने टोकदार चिमट्याने सरळ ओढून काढला. तोंडाचा बारीकसा काळा तुकडा मात्र कातडीत राहिलाय असं वाटतं. आज सकाळी तिथे लाल झालंय, डास चावल्यावर येते तेवढी गांधी आहे आणि त्याला खाज सुटलीय.

गोचिडामुळे होणाऱ्या लाईम या आजारात अंगावर चट्टा येतो म्हणतात, हाच तो का? राहिलेला तुकडा सुईने काढायचा का? आजच रक्त तपासून घ्यावं का? सासूबाई म्हणतात, तेल सोडलं असतं तर गोचीड आपोआप सुटला असता. पुढच्या महिन्यात कॅट्सकिल्सच्या डोंगरांत जायचं ठरलंय, ते रद्दच करावं असं वाटायला लागलंय. गोचीड फेकलेला नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवलाय.

रानमेथी

उन्हाळपाखरू, घाबरू नका. करायला हवं होतं त्यातलं बरंचसं तुम्ही कालच केलंय. मी कनेक्टिकटमध्ये अ‍ॅपलेचियन ट्रेल या लांब पल्ल्याच्या पायवाटेच्या एका टप्प्याची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकांत आहे. वाटेवर आलेल्या फांद्या छाटायच्या, पडलेली झाडं बाजूला करायची हे आमचं काम, त्यामुळे गोचीड जिथे टपून बसतात त्याच झुडपांत आमचा दिवस जातो.

तेल सोडलं नाहीत ते फार बरं झालं. तेल, व्हॅसलीन, नेलपॉलिश, पेटती काडी यातलं काहीही करू नये. गोचीड सुटेपर्यंत वेळ जातो, आणि डिवचल्यावर तो पोटातलं जखमेत ओकण्याचा धोका असतो. चिमटा कातडीला टेकवायचा, गोचिडाला अगदी तोंडाशी धरायचं आणि न पिळता, न हिसकता सरळ वर ओढायचं. तुमच्या मिस्टरांनी हेच केलं. राहिलेला तुकडा कातडी स्वतःच बाहेर टाकते. सुईने उकरलंत तर उगाच दुसरी जखम व्हायची. साबणाने धुवा आणि तसंच राहू द्या.

या सगळ्यात वेळेला महत्त्व का आहे ते सांगते. लाईमचे जिवाणू गोचिडाच्या आतड्यात असतात. तो रक्त प्यायला लागला की ते जागे होतात, वाढतात आणि मग त्याच्या लाळग्रंथींपर्यंत पोचतात. या प्रवासाला साधारणपणे २४ तासांहून जास्त वेळ लागतो. म्हणजे त्याच दिवशी सापडलेल्या गोचिडाकडून लाईम होण्याची शक्यता फार कमी. तुमच्या बाबतीत शनिवार दुपार ते रविवार रात्र म्हणजे सगळ्यात जास्त धरलं तरी तीसेक तास होतात, आणि पोचल्या पोचल्याच चिकटला असेल असंही नाही. एक पाहून सांगा: पिशवीतला गोचीड चपटा आहे की टम्म फुगलेला? रंगाने राखाडी झालाय का? भरपूर रक्त प्यायलेला गोचीड लगेच ओळखू येतो.

आजचा लालपणा चावल्याचा दिसतोय. लगेच उठतो, खाजतो, छोटा असतो आणि एकदोन दिवसांत ओसरतो. लाईमचा चट्टा उशिरा येतो, ३ ते ३० दिवसांत कधीही, बहुधा आठवड्याच्या सुमारास. तो दिवसागणिक पसरत जातो, पार ३० सेंटीमीटरपर्यंतही. हाताला थोडा गरम लागतो, पण बहुतेक वेळा खाजत नाही की दुखत नाही. म्हणूनच पाठीवर किंवा मांडीमागे आला तर माणसाला पत्ताच लागत नाही.

आणि कृपा करून नेमबाजीच्या चकतीसारखी वर्तुळं शोधत बसू नका. सगळीकडे तोच फोटो फिरतो, पण बऱ्याच जणांना सलग लाल किंवा जांभळट चट्टा येतो. सावळ्या कातडीवर तर तो लाल दिसतही नाही, काळसर डागासारखा वाटतो, आणि आपल्या लोकांच्या बाबतीत ही गोष्ट डॉक्टरांच्याही नजरेतून सुटू शकते. आमच्या गटातल्या एका मुलीला वर्तुळं नाहीत म्हणून एका दवाखान्यातून कोळी चावला असेल असं सांगून परत पाठवलं होतं. पुढे तिचा गुडघा सुजला तेव्हा निदान झालं. मला याचा अजून राग येतो.

तेव्हा आज पेनाने त्या लालीच्या कडेने रेघ मारा. रोज त्याच उजेडात, शेजारी एखादं नाणं ठेवून फोटो काढा. तारीख लिहा, ताप आला तर तोही लिहा. हा आजार उजेडात आला तोच मुळी एका आईच्या टिपणांमुळे. कनेक्टिकटमधल्या लाईम गावात पॉली मरे राहायच्या. त्या घरातल्यांच्या दुखण्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवत होत्या, डॉक्टर मात्र मनावर घेत नव्हते. १९७५ मध्ये त्यांनी आणि तिथल्या आणखी एका आईने पाठपुरावा केला, तेव्हा येल विद्यापीठाचे डॉ. अ‍ॅलन स्टीअर तपासाला लागले आणि इतक्या मुलांचे सांधे एकाच भागात का सुजतायत हा प्रश्न पुढे आला. जिवाणू तर त्यानंतर, १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर या संशोधकांना गोचिडांतच सापडला. आईची वही फार कामाची असते.

घाटमाथा

रानमेथींनी छान लिहिलंय. मी डॉक्टर आहे, थोडी भर घालतो. इथून उपचार ठरवता येत नाहीत, म्हणून मुलाच्या डॉक्टरांना आजच फोन करा. उद्यावर ढकलू नका, कारण एका गोष्टीला मुदत आहे. गोचीड काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाचा एकच डोस देऊन लाईम टाळता येऊ शकतो. मोठ्यांना २०० मिलिग्रॅम, मुलांना वजनाप्रमाणे. सरसकट सगळ्यांना देत नाहीत. गोचीड काळ्या पायांच्या जातीचा हवा, भाग लाईमचा हवा (तुमचा आहेच) आणि तो ३६ तास किंवा जास्त चिकटलेला असावा किंवा फुगलेला असावा. तुमचा हिशोब त्याच्या आतला वाटतो, पण निर्णय डॉक्टरांनाच घेऊ द्या.

आज रक्त तपासून काही कळणार नाही. तपासणी अँटीबॉडी म्हणजे जिवाणूंशी लढायला शरीर तयार करतं ती प्रथिनं शोधते, त्या तयार व्हायला काही आठवडे लागतात. आजचा ‘निगेटिव्ह’ खोटा दिलासा देईल. उलट तो पसरणारा चट्टा खरंच आला तर तपासणीसाठी थांबायचं नसतं, चट्टा पाहूनच औषध सुरू करतात. गोचीड प्रयोगशाळेत पाठवून त्याच्यात जिवाणू आहेत का हे बघण्याचीही घाई नको. त्याच्यात सापडले म्हणजे मुलाला लागण झाली असं होत नाही, आणि नाही सापडले तरी दुसरा एखादा न दिसलेला गोचीड चावलेला असू शकतो.

दहापैकी दोन-तीन रुग्णांना चट्टा येतच नाही किंवा दिसत नाही. म्हणून महिनाभर बाकीकडेही लक्ष असू द्या: भर उन्हाळ्यात सर्दी-खोकला नसताना ताप, अंगदुखी, कमालीचा थकवा, मान आखडणं. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, गुडघा सुजला, छातीत धडधडलं किंवा चक्कर येऊन पडला तर थेट दवाखाना गाठायचा आणि गोचीड चावल्याचं पहिल्या वाक्यात सांगायचं. लवकर सापडलेला लाईम १० ते १४ दिवसांच्या तोंडी प्रतिजैविकांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. मी पालकांना हे मुद्दाम सांगतो, कारण शोधायला बसलं की आधी भयंकर गोष्टीच समोर येतात.

तिलारीकाठ

मी दोडामार्गचा. हा धागा वाचून कोणी इकडच्या भटकंतीला हेच नियम लावू नयेत म्हणून लिहितोय. आमच्याकडे गोचिडांमुळे होतो तो माकडताप. २०१६ पासून सिंधुदुर्गात त्याने माणसं दगावली आहेत. तो विषाणूचा आजार आहे, १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला. त्यावर डॉक्सीसायक्लिनचा उपयोग नाही आणि चट्ट्याची वाट बघण्यातही अर्थ नाही. डिसेंबर ते मे या काळात रानात किंवा काजूच्या बागेत जाऊन आल्यावर एकदम जोराचा ताप आणि डोकेदुखी आली तर आरोग्य केंद्रात जावं. जंगलात मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता कळवावं. गोचीड काढायची रीत आणि अंग तपासायची सवय तेवढी दोन्हीकडे सारखीच.

उन्हाळपाखरू

सगळ्यांचे मनापासून आभार. गोचीड चपटाच आहे, खसखशीच्या दाण्याएवढा. डॉक्टरांशी बोलले, फोटो पाठवले. डोसची गरज नाही, महिनाभर लक्ष ठेवा म्हणाले. रेघ मारली आहे, वही केली आहे. आता कॅट्सकिल्सचं सांगा. मुलगा जायचंच म्हणतोय. आणि घरी मांजर आहे, गोचीड येऊ नयेत म्हणून कपड्यांवर फवारतात ते औषध तिला चालतं का?

रानमेथी

चपटा आहे हे वाचून खूप बरं वाटलं. खसखशीएवढा म्हणजे तो पिल्लू अवस्थेतला, निम्फ. मे ते जुलै हे त्यांचेच दिवस, आणि बहुतेक माणसांना लाईम देतात ते हेच, कारण दिसतच नाहीत. जिवाणू त्यांना बहुतेक करून पांढऱ्या पायांच्या उंदराकडून मिळतात. लोक हरणांना दोष देतात, पण हरणाच्या अंगावर गोचीड वाढतात एवढंच, हा जिवाणू त्यांना हरणाकडून मिळत नाही.

जा, नक्की जा. फक्त कुठे बसताय ते बघा. गोचीड उडी मारत नाही, झाडावरून पडतही नाही. पाचोळ्यात नाहीतर गवताच्या टोकाला पुढचे पाय पसरून वाट बघतो आणि आपण घासून गेलो की चढतो. म्हणून वाटेच्या मधून चालणाऱ्यापेक्षा पडलेल्या ओंडक्यावर, दगडी गडग्यावर किंवा पाचोळ्यात बसणाऱ्याला जास्त लागतात. मुलं नेमकी तिथेच रमतात, तर त्यांना रमू द्या, पण बसायला चटई न्या. तंबू जंगल आणि मोकळ्या गवताच्या सीमेवर लावू नका, तिथे उंदीरही जास्त आणि गोचीडही. फिकट रंगाच्या लांब पँट, त्या पायमोज्यांत खोचलेल्या. कातडीला डीट किंवा पिकारिडिन असलेलं, गोचीड दूर ठेवणारं औषध. बूट, मोजे, पँट यांना ०.५ टक्के पर्मेथ्रिन हे कीटकनाशक, तेही आदल्या दिवशी फवारून पूर्ण वाळवलेलं. ते कातडीवर लावायचं नाही.

रात्री तंबूत टॉर्च घेऊन अंग तपासायचं: काखा, कानांच्या आत-मागे, बेंबी, कंबरेचा पट्टा, जांघा, गुडघ्यांमागे आणि केसांत बोटं फिरवून. आम्ही एकमेकांची पाठ बघतो, यात लाजण्यासारखं काही नाही. घरी पोचल्यावर दोन तासांच्या आत आंघोळ. कपडे आधी धुवू नका, कोरडेच ड्रायरमध्ये १० मिनिटं जास्तीत जास्त उष्णतेवर फिरवा. कोमट पाण्यातून गोचीड जिवंत निघतो, कोरड्या उष्णतेत मरतो.

मांजराबद्दल विचारलंत ते फार चांगलं केलंत. ओलं पर्मेथ्रिन मांजराला विषारी असतं. फवारणी घराबाहेर करा आणि कपडे खडखडीत वाळेपर्यंत तिला जवळ येऊ देऊ नका. कुत्र्यांसाठी मिळणारं गोचिडांचं औषध तिला चुकूनही लावू नका, त्यातल्या काहींत हेच द्रव्य असतं. ती बाहेर हिंडत असेल तर मांजरांसाठीचं वेगळं औषध पशुवैद्यांकडून लिहून घ्या आणि रोज मानेभोवती, कानांमागे हात फिरवून बघत जा.