प्रति: जुन्या आठवणी शाबूत राहतात का?

"जुनं सगळं लख्ख आठवतं, फक्त सकाळी काय खाल्लं तेच विसरतात" असं अल्झायमरच्या रुग्णांबद्दल वर दोघांनी लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. अल्झायमरमध्ये टाऊ प्रथिनाच्या गाठी आधी एन्टोरायनल कॉर्टेक्स या मेंदूच्या भागात आणि मग त्याला लागूनच असलेल्या, आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पसमध्ये पसरतात (ब्राक या संशोधक दांपत्याने १९९१ मध्ये याचे टप्पे मांडले). नवी आठवण पक्की व्हायला हेच भाग लागतात, म्हणून कालचं आधी जातं. पण जुना प्रसंग बारकाव्यांसकट पुन्हा उभा करायलाही हिप्पोकॅम्पस लागतो, असं बरेच संशोधक मानतात. त्यामुळे सुरुवातीलाच जुने प्रसंगही आतून विरळ होऊ लागतात, उरतो तो गोषवारा.

माझ्या आईचं असंच झालं. स्वतःच्या लग्नाची गोष्ट ती न अडखळता सांगायची, म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. पण दर वेळी शब्द तेच. मांडवात शेजारी कोण बसलं होतं असं मध्येच विचारलं, की थबकायची आणि परत पहिल्यापासून सुरू करायची. न्यूरॉलॉजिस्टनी तिला "शाळा कुठली?" आणि "शाळेतला एखादा प्रसंग सांगा" हे वेगवेगळं विचारलं. पहिल्याचं उत्तर लगेच आलं, दुसऱ्याचं आलंच नाही. तेव्हा ज्यांनी "बाबांना वर्गातल्या सगळ्यांची नावं पाठ आहेत, काळजी नाही" असं लिहिलंय, त्यांनी कृपया तेवढ्यावर विसंबून तपासणी लांबवू नका. घरी मात्र त्यांची परीक्षा घेत बसू नका, आई त्याने फार कासावीस व्हायची.