स्लिंगशॉटला ऑइल कूलर: थर्मोस्टॅट हवाच का?

प्रश्न: मंडळी, मी अमेरिकेत फिनिक्सला असतो. 2017 ची स्लिंगशॉट, म्हणजे पोलारिसची तीनचाकी, 2.4 लिटर इंजिन. टर्बो मी नंतर बसवला. जुलैत 45 अंशांत चढ चढताना तेल 130 अंशांवर गेलं, पोटात गोळाच आला. कूलर आणलाय. इंजिन आणि ऑइल फिल्टरच्या मध्ये बसून तेल कूलरकडे नेणारी सँडविच प्लेट थर्मोस्टॅटवालीच घेऊ का?

उत्तर: हो, तीच घ्या. थर्मोस्टॅट तेल तापल्यावरच ते कूलरकडे सोडतो. तो नसला आणि थंडीत तेल नीट तापलंच नाही तर आतलं पाणी उडत नाही, झाकणाखाली दुधाळ साय धरते. आणि कूलर रेडिएटरला चिकटवू नका, दोन बोटं फट ठेवा.

उत्तर: नळ्या बघा दादा! माझी तेलाची नळी सस्पेन्शनच्या आर्मला घासून तिची आतली जाळी उघडी पडली होती. रबरी क्लॅम्प लावा. इंजिन फिरवून बंद केलं की तेल पुन्हा मोजा, कूलरमध्ये तेल भरल्यानं पातळी उतरलेली असते.

प्रश्नकर्ता: प्लेट मागवली. क्लॅम्पही आजच आणतो.