उ: मूकपटांचा महोत्सव – पडद्याबाहेरचा तमाशाही हवा

नागपुरात मूकपटांचा महोत्सव भरवायचा म्हटल्यावर एकाने विचारलंय, 'आवाज नसलेले सिनेमे बघायला नागपुरात कोण येईल जी?' हाच प्रश्न दादासाहेब फाळक्यांना सुरतेत पडला होता. तिथले लोक दोन आण्यांत सहा तास नाटक बघणारे, तीन आणे देऊन दीड तासाचं चित्र कशाला बघतील? फाळक्यांनी जाहिरातच फिरवली: 57 हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत! गर्दी झाली. 1913 साली मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटाच्या जोडीला नाच, नक्कल आणि पायांनी कसरत करणारा जगलरही होता.

म्हणून आयोजकांनी नुसते मूकपट लावून भाषणं ठेवू नयेत (भाषणं आपल्याकडे आधीच उदंड). दारात बँड हवा, पडद्याशेजारी जिवंत पेटी-तबला हवा. फिरत्या तंबूतल्या सिनेमाचा अनुभव द्यायचा तर कस्तुरचंद पार्कचं मैदान आहेच, पण हिवाळ्यात. मे महिन्यात तंबूत बसवलं तर प्रेक्षकांचाच मूकपट होईल. आणि प्रोजेक्शनचा वेग तेवढा तपासा. तेव्हा कॅमेरा हातानं फिरवत, सेकंदाला साधारण 16 चित्रं. ती आजच्या 24च्या वेगानं दाखवली की हरिश्चंद्रही तुरुतुरु धावायला लागतो.