टॉर्च, विजेरी, बॅटरी: तुमच्याकडे कोणती आहे आणि वेळेला पेटली का?

वांगीभात (धागाकर्ती)

मागच्या शनिवारी रात्री साडेनऊला आमच्या बिल्डिंगची लाईट गेली. येईल पाच मिनिटांत म्हणून बसलो तर कळलं की मीटर रूममध्ये धूर झालाय आणि वायरमन आता थेट सकाळी. घरात साबा (सासूबाई) आणि मी दोघीच, माझा फोन ११ टक्क्यांवर. पण घरात टॉर्च तीन आहेत हो, म्हटलं काळजी नाही.

पहिली ती जाडजूड, मागून दोन पिना बाहेर काढून थेट भिंतीत खुपसायची, तिचा उजेड म्हणजे काजव्याची धाकटी बहीण, आणि तोही दोन मिनिटांत मावळला. दुसरी सेलवाली, उघडली तर आत पांढरा भुगा आणि स्प्रिंग हिरवीगार. तिसरी नवऱ्याने ऑनलाईन मागवलेली काळी, पुढे ओढलं की झूम होते ती. ती पेटली! पण एकदा दाबलं की भगभगीत, मग मध्यम, मग मंद, मग डिस्कोसारखी फडफड, मग एसओएस, आणि या सगळ्यातून गेल्याशिवाय बंद होत नाही. साबा बंद करायला गेल्या आणि स्वयंपाकघरात वरात निघाली. "अगं घे ते, मला भोवळ येतेय." शेवटी देवघरातली समई लावली आणि तिच्या उजेडात दहीभात खाल्ला.

तर आता नीट बघून एक घ्यायचीये. पण लिंका आणि खोक्यावरचे आकडे नकोत प्लीज, ते मी पण वाचू शकते. तुम्ही कोणती घेतली, कुठे वापरली, कुठे तोंडावर पडलात ते लिहा.

पाचट

आमच्याकडं टॉर्चला बॅटरीच म्हणतात. शेतीची थ्री फेज लाईट कधी दिवसाची तर कधी रातची, रातची असली की एक-दीडला उठून दारं धरायला, म्हंजे पिकाला पाणी द्यायला, जावं लागतं. त्यामुळं बॅटरी म्हणजे आमच्यासाठी चप्पल आहे चप्पल, तिच्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय नाही.

दोन वर्षं डोक्याला बांधायची वापरली, दोन्ही हात मोकळे, खोऱ्यानं माती ओढायला एक नंबर. पण दोन अडचणी. एक म्हणजे सगळे किडे तोंडावर, बोलायला तोंड उघडलं की पाकोळी आत. दुसरी लवकर ध्यानात येत नाही. डोक्यावरचा उजेड डोळ्याच्या शेजारनंच जातो, त्यामुळं वस्तूची सावली वस्तूच्या मागं लपते आणि जमीन सगळी सपाट दिसती, ढेकूळ कुठलं न खड्डा कुठला कळंना. उसाच्या पाचटात घोणस पडलेली असंल तर तिचा रंग पाचटाचाच, ती हलत नाही, कुकरच्या शिट्टीगत फुसकारली तर कळणार. मागच्या पावसाळ्यात एकदा असं झालं, पाऊल टाकणार तेवढ्यात फुसकारा आला. त्या दिवसापासनं हातात गुडघ्याच्या उंचीला धरायची एक लांब बॅटरी घेतो, उजेड आडवा पडतो, ढेकळाची सुद्धा सावली लांब पडती, अन् गोल काही असलं की लगेच डोळ्यात भरतं. डोक्याची पण असती, ती दारं मोडायच्या जागी पोचल्यावर लावायची.

लांब झोत टाकणारी कोण घ्या म्हणलं तर चालताना घेऊ नका. झोताच्या मधोमध दिवस आन् पायाशी अंधार. आम्हाला लांब झोत लागतो तो फक्त बांधावरनं मोटर चालू हाय का बघायला.

वांगीभात

@पाचट, सावलीचं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. सांभाळून राहा.

ढोबळमानाने

आकडे नको म्हणालात तरी थोडे देतो, कारण फसवणूक आकड्यांतच आहे.

लुमेन म्हणजे एकूण उजेड किती बाहेर पडतो ते. तो पसरलाय की एका ठिकाणी गोळा झालाय हे लुमेन सांगत नाही, त्याला कँडेला. पाण्याचा पाईप तोच, एकात झारी लावली एकात नोझल. आणि खोक्यावर '३०० मीटर' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ काय तर तिथे पाव लक्स उजेड पोचतो, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. ३०० मीटरवर माणूस ओळखू येईल असं समजून घेतली की पैसे गेले. मी त्याच्या निम्मंच धरतो.

वेळेचंही तसंच. चांगल्या कंपन्या जे स्टँडर्ड पाळतात त्यात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. म्हणजे 'सहा तास' मधले शेवटचे तीन तास तुम्ही मिणमिणत्या उजेडात बसलेले असू शकता. आणि अंगठ्याएवढी टॉर्च हजार लुमेन देते ती एखाद दोन मिनिटं, मग हाताला चटका बसायला लागतो आणि ती स्वतःच उजेड उतरवते. ते बिघाड नाही, बरोबरच आहे.

आता सेल. जाड बोटाएवढा जो लिथियम सेल असतो त्याचं नाव १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. हल्ली २१७०० पण येतात, २१ आणि ७०. आजच्या घडीला चांगल्यातल्या चांगल्या १८६५० मध्ये ३५०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) च्या आसपासच मावतं. बाजारात ९९०० लिहिलेले सेल मिळतात. मी एक घेतला होता, स्वस्त होता म्हणून, चार्जरवर मोजला तर साडेआठशे निघाला, आणि किचनच्या काट्यावर ठेवला तर ३० ग्रॅम! खरा सेल ४५ च्या पुढे असतो. आत काय भरलं होतं देव जाणे. आणि हे सुटे सेल खिशात किल्ल्यांबरोबर टाकू नका, शॉर्ट झाले तर पँट जळेल, विनोद करत नाहीये. प्लास्टिकची डबी मिळते.

तुमच्या त्या पिनवालीत बहुतेक शिशाची बॅटरी असेल. ती न वापरता, रिकामी ठेवली की आतून मरते, महिन्या दोन महिन्याला चार्ज करत राहायला हवी. ते कोण करतं? मी तरी नाही.

एक_कटिंग

एवढं सगळं कशाला, मोबाईल आहे ना प्रत्येकाकडे 🙂

काजूगर

@एक_कटिंग, ३ जून २०२० ला आमच्याकडे दापोलीत यायला हवं होतं.

निसर्ग वादळ. दुपारी दोन तासांत पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, घरावरची कौलं गेली, आणि विजेचे खांब तर रस्ताभर आडवे. आमच्या वाडीत लाईट आली ती २६ दिवसांनी. मोबाईल दुसऱ्या दिवशी संपले, तसेही टॉवर पडलेलेच होते त्यामुळे फोनचा उपयोग टॉर्च एवढाच उरला होता आणि त्याच्यासाठी चार्जिंग जाळायचं कोणाला परवडत नव्हतं. ज्याच्याकडे जनरेटर त्याच्याकडे माणसं फोन घेऊन रांगेत. तोपर्यंत बाजारातले पेन्सिल सेल संपले, मेणबत्त्या संपल्या.

आमच्याकडे दोन गोष्टी चालल्या. एक सोलरचा छोटा कंदील, पण जूनचं आभाळ, दिवसभर उन्हात नव्हे ढगात ठेवून रात्री तासभर. आणि दुसरी वडलांची दोन पेन्सिल सेलची साधी टॉर्च, उजेड थोडाच पण चार सेलांवर आख्खे दोन आठवडे काढले, कारण जेवताना ती उलटी करून छताकडे तोंड करून तांब्यात उभी ठेवायची. पांढऱ्या छतावरून उजेड सगळीकडे सारखा पडतो, कोणाच्या डोळ्यात जात नाही. तांब्यात पाणी नसावं हे सांगायला नको (एकदा होतं).

तेव्हापासून माझा नियम, घरात एक तरी टॉर्च अशी हवी की जिचा सेल गावच्या किराणा दुकानात मिळतो. लिथियमवाली पण आहे, चढणीचे मासे बघायला जातो तेव्हा तीच नेतो. बघायलाच हो, धरायला नाही, ते अंडी घालायला वर येत असतात. आमचे काका गॅसबत्ती घेऊन जायचे आणि त्यांचं वेगळं मत होतं.

ढोबळमानाने

तांब्याला +१००.

कातळकडा

ट्रेकला हेडलॅम्पच, दुसरं काही सुचवू नका. पण @पाचट म्हणतात ते धुक्यात दहापट खरं. हरिश्चंद्रगडावर सप्टेंबरमध्ये पहाटे असं धुकं होतं की हेडलॅम्प लावला की समोर पांढरी भिंत. जास्त पॉवर केली तर भिंत जास्त पांढरी. मागून येणाऱ्या एका काकांनी सांगितलं काढ तो आणि कमरेला बांध. बांधला आणि वाट दिसायला लागली, डोळ्यासमोरचं धुकं उजळायचं थांबलं ना.

अजून एक, मे अखेरीला काजवे बघायला भंडारदरा, राजमाची अशा ठिकाणी जे जातात त्यांना हात जोडून विनंती, पांढरा झोत झाडावर मारू नका. काजवे उजेडानेच एकमेकांना शोधतात, तुमच्या झोतात त्यांचं काही दिसत नाही, आणि नंतर दहा पंधरा मिनिटं तुम्हालाही दिसत नाही. लाल उजेडाचा मोड असलेला हेडलॅम्प घ्या, नाहीतर काचेवर लाल जिलेटीन कागद रबराने लावा, तोही जमिनीकडे.

आणि बॅगेत टॉर्च आपोआप चालू होते हा अनुभव कोणाला नाही? माझी सॅकमध्ये चालू राहिली, फुल पॉवरवर, स्वेटरला भोक. आता मागचं टोपण पाव फेरा सैल करून ठेवतो, बऱ्याचशा धातूच्या टॉर्च तेवढ्याने पूर्ण बंद होतात.

मेपल_मोदक

टोरोंटोहून. इकडे डिसेंबर २०१३ च्या आईस स्टॉर्ममध्ये झाडांवर, तारांवर बर्फाचं काचेसारखं कवच बसलं आणि फांद्या तारांसकट खाली. आमच्याकडे तीन दिवस लाईट नाही, म्हणजे हीटिंग पण नाही. ग्लोव्ह कंपार्टमेंटमधली टॉर्च काढली तर अल्कलाईन सेल थंडीने गारठून मंद मंद. घरात आणून गरम झाल्यावर तीच टॉर्च ठीक चालली! आता गाडीत पेन्सिल साईजचे लिथियम सेल ठेवते (रिचार्जवाले नव्हेत, एकदा वापरून फेकायचे), ते उणे ४० पर्यंत चालतात, हलके असतात, आणि सहसा गळत नाहीत. महाग आहेत, पण गाडीत पडूनच तर राहायचंय.

@वांगीभात, पांढरा भुगा लिंबाच्या थेंबाने जातो, अल्कलाईन सेल असतील तर. कापसाच्या काडीला लिंबू लावून पुसायचं, मग कोरडं करायचं. माझी एक वाचली, एक नाही.

भारतात येताना: सुटे लिथियम सेल चेक इन बॅगेत टाकू नका, केबिन बॅगेतच. मला बॅग उघडायला परत बोलावलं होतं, मागे रांग उभी.

सुपारी_कात्री

माझा अनुभव आईचा आहे, वय ७८. रात्री दोनदा उठते. मोठी टॉर्च दिली तर पांढऱ्या फरशीवर उजेड आपटून तिचेच डोळे दिपायचे, मग बाथरूममधून परत येताना अंधारात चाचपडायची. शेवटी अशी शोधली जिच्यात अगदी मंद मोड आहे, एखाद लुमेनचा, आणि रंग पिवळसर. खोक्यावर ४००० केल्विन किंवा त्याहून कमी असेल तर पिवळसर, ६५०० म्हणजे ट्यूबलाईटचा निळसर पांढरा. मी आधी तोच घेत होतो, जास्त उजेड वाटतो म्हणून.

पण खरं भांडण बटणाचं. दाबून धरलं की मंद, एकदा दाबलं की मोठी, दोनदा दाबलं की आणखी काही, हे मी आईला तीन दिवस शिकवलं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मला परीक्षेला बसायचं नाहीये." मग सरकवायच्या खटक्याची घेतली, वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद. पलंगाच्या डाव्या खुराला खिळ्याला दोरीने टांगलीय, मुठीवर रबर गुंडाळलंय म्हणजे हाताला कळतं. तिथून कोणी हलवली तर घरात महाभारत.

एक_कटिंग

बरं बाबा, शब्द मागे. काल एक टाईप सी चार्जिंगवाली घेतली. फोनच्या चार्जरला लावली तर चार्जच होईना, परत करायला निघालो होतो.

ढोबळमानाने

थांबा. दोन्ही टोकांना टाईप सी असलेली केबल लावली असणार. स्वस्तातल्या टॉर्चमध्ये त्यासाठी लागणारे दोन रेझिस्टर वाचवतात, त्यामुळे चार्जरला समोर कोणी आहे हेच कळत नाही. जुन्या चपट्या यूएसबीची, एका बाजूलाच टाईप सी असलेली केबल लावून बघा.

एक_कटिंग

झाली!! चहा माझ्याकडून.

वांगीभात (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार, वाचून दोन घेतल्या. एक पेन्सिल सेलची, एकच खटका, साबांसाठी, सेल बाहेर काढून तिच्याच शेजारी डबीत ठेवणार होते पण त्या म्हणाल्या अंधारात सेल कोण भरणार, तेही बरोबर आहे. मग रिचार्जचे सेल आतच ठेवलेत आणि दर संकष्टीला एकदा लावून बघायची असं ठरलंय. दुसरी लिथियमवाली, झाडांना पाणी घालायला गच्चीवर.

आता नवीन प्रश्न. या शोधाशोधीत माळ्यावर सासऱ्यांची जुनी पितळी टॉर्च सापडली, तीन मोठ्या सेलची, काच शाबूत. बल्ब गेलाय. एलईडी बसतो का त्यात?

ढोबळमानाने

बसतो. आट्याचा बारका बल्ब असेल तर त्याच मापाचे एलईडी मिळतात. व्होल्टेज बघून घ्या, तीन सेल म्हणजे साडेचार. आणि जुन्या बल्बला उलटे सेल चालायचे, याला चालत नाहीत, पेटला नाही तर सेल फिरवून बघा.

वांगीभात (धागाकर्ती)

बसवला. सेल उलटे नव्हते तरी पेटेना. साबा म्हणाल्या, "इकडे दे," आणि तळहातावर दोनदा आपटली. पेटली.