फील्डवरच्या नोंदींसाठी ॲप: कोटलिन की फ्लटर?

प्रश्न: शेतातल्या पीकनोंदी आणि फोटो घेणारं ॲप करायचंय. रेंज नसली तरी चाललं पाहिजे. जावा येतं, लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. कोटलिन (अँड्रॉइड ॲप लिहायची भाषा) की फ्लटर (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप बनवणारं साधन), काय निवडू?

उत्तर १: फक्त अँड्रॉइड असेल तर डोळे झाकून कोटलिन. २०१९ पासून गूगलचं प्राधान्य त्यालाच आहे, आणि जावाचा जुना कोडही शेजारी चालतो. नोंदी 'रूम'मध्ये (फोनमध्येच डेटाबेस ठेवायची अँड्रॉइडची लायब्ररी) ठेवा, पण फोटो डेटाबेसमध्ये कोंबू नका. कर्सर विंडोची (डेटाबेसमधून वाचलेली माहिती जिच्यात येते त्या मेमरीची) मर्यादा साधारण २ एमबी, त्यामुळे मोठा फोटो वाचताना ॲप कोसळतं. फाइल वेगळी ठेवून डेटाबेसमध्ये फक्त तिचा पत्ता लिहा. सिंकसाठी, म्हणजे नोंदी सर्व्हरवर पाठवायला, वर्कमॅनेजर (मागच्या मागे कामं चालवणारी अँड्रॉइडची लायब्ररी) वापरा, 'नेटवर्क हवं' ही अट लावून. ठरावीक वेळाने चालणारं काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतराने लावता येत नाही, हे आधीच धरून चाला.

उत्तर २: पुढे आयफोनही हवा असेल तर फ्लटर. त्याची भाषा डार्ट, ती जावावाल्याला जड जात नाही. मात्र आयफोनचं बिल्ड करायला मॅक लागतोच. शिवाय ॲपलचे वर्षाला ९९ डॉलर. प्ले स्टोअरचे २५, एकदाच.

उत्तर ३: ८ जीबीवर एम्युलेटर (लॅपटॉपवर चालणारा नकली फोन) रडवेल. फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करा, मग उघडणाऱ्या डेव्हलपर पर्यायांत यूएसबी डीबगिंग (लॅपटॉपवरून केबलने ॲप फोनवर चालवून तपासायची सोय) चालू करा आणि खऱ्या फोनवरच तपासा, तोही स्वस्तातल्या.