बाईच्या नावावर पीककर्ज, की बचत गटाचंच कर्ज बरं?

धागाकर्ती, आर्णी (यवतमाळ)
आमच्या भागात कपाशीची लागण, निंदण, वेचणी सगळं बायाच करतात. पेरणीला पैसा लागला की त्यांच्या हाती येतं ते मायक्रोफायनान्सचं, म्हणजे खासगी कंपन्यांचं छोटं कर्ज. व्याज वर्षाला वीस टक्क्यांच्या वर, हप्ता आठवड्याचा. त्याच घरात नवऱ्याचं पीककर्ज मात्र 3 लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर शून्य टक्क्यानं! जूनमध्ये पेरलेल्या कपाशीचा पहिला वेचा दिवाळीच्या आगेमागे येतो, मग जुलैतला हप्ता बाईनं भरायचा कशातून? दुसऱ्याच्या वावरात मजुरी करून. फरक फक्त सातबाऱ्यावरच्या नावाचा आहे. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांत, म्हणजे जमीन कसणारे म्हणून नोंदलेल्यांत, बाया जेमतेम 14 टक्के होत्या. राज्यात लक्ष्मीमुक्ती योजना 1992 पासून आहे; नवऱ्यानं अर्ज दिला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर चढतं. बायांच्या बचत गटांना किती कोटी कर्ज वाटलं हे सांगणं पुरे झालं, आधी सातबाऱ्यावर त्यांची नावं लावा.

कापूसवाला, घाटंजी
ताई, नाव लावून काय होते? वावर चार एकर, त्यात माय, भाऊ, बहिणी, समद्यायची नावं. कर्ज कोणाच्याही नावानं उचला, फेडाचं त्याच वावरातून. यंदा बोंडअळी आली अन् कर्ज बुडालं, त वसुलीवाले तिच्या दारात येतीन. माणूस थकीत असला तरी आज बाईले गटातून पैसा भेटते. तिलेही थकीत केलं त घरात कोणाले भेटन?

निवृत्त शाखाधिकारी, अमरावती
काउंटरच्या आतली अडचण सांगतो. सामाईक सातबाऱ्यावर नवऱ्याच्या कर्जाचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद असते. ते कर्ज थकीत असेल, तर नुसतं नाव लागल्यानं बायकोला नवं कर्ज मिळत नाही. पीककर्ज हेक्टरी दरानं बसतं आणि तिच्या वाट्याचं क्षेत्र कुठे लिहिलेलंच नसतं. 1 जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण तारण नको म्हणजे सातबारा नको, असं होत नाही. खरा उपाय स्वतंत्र क्षेत्राचा. नवऱ्यानं बायकोला शेतजमिनीचं बक्षीसपत्र करून दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. मात्र बोजा असेल तर आधी बँकेची ना-हरकत लागते.

गटातली कार्यकर्ती, वर्धा
तुम्ही सगळेच नवरा जिवंत धरून बोलताय. आमच्या गटातल्या एकीचा नवरा गेला तेव्हा वावर सासऱ्याच्या नावावर होतं. नवऱ्याचंच नाव नव्हतं, तिचं कुठून लागणार? सासरे हयात आहेत, त्यामुळे वारस म्हणून नाव चढवायचा फेरफारही नाही. ती तेच वावर कसते, फवारणीचा पंप स्वतः पाठीवर घेते, पण बँकेच्या लेखी ती शेतकरी नाही. तिला पैसा दिला तो गटानं, बचतीचं रजिस्टर आणि बैठकांची हजेरी बघून. हां, बँकेनं गटाला दिलेली रक्कम दहा जणींत वाटली की एकीच्या वाट्याला बियाणं आणि एखादी फवारणी, एवढंच येतं. ही मर्यादा मला मान्य आहे. म्हणून गटाची रक्कम वाढवा, गटाला दुय्यम ठरवू नका.

धागाकर्ती
गट बंद करा असं मी म्हटलेलंच नाही. ज्या विधवा आहेत, ज्या मक्त्यानं, म्हणजे दुसऱ्याचं वावर भाड्यानं घेऊन कसतात, त्यांना गटाचंच कर्ज हवं, पण त्याची फेड कापूस-तूर विकल्यावर एकदम असावी. महिन्याचा हप्ता दुकान चालवणारीला जमतो, शेत करणारीला नाही. अमरावतीच्या दादांचं क्षेत्राबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, नुसतं नाव पुरत नाही. पण घाटंजीच्या भाऊंना विचारते, ज्याच्या सातबाऱ्यावर बोजा नाही, भावाबहिणींचा हिस्सा नाही, त्याला एक एकर बायकोच्या नावावर करून द्यायला काय अडचण आहे?

कापूसवाला, घाटंजी
अडचण कर्जाची नाही, घरातली हाय. पोरं म्हणतीन, मायले दिलं त आमाले कवा? मायावाला सातबारा कोरा हाय, वाटणीही झाली. तरी एक एकर तोडून देनं मले अजून पटत नाही. 200 रुपयाचं ते बक्षीसपत्र तलाठ्याले इचारतो. फेड कापूस विकल्यावर घ्या, हे मात्र बराबर बोलल्या. तेवढं केलं तरी आमच्या घरातली आठवड्याची वसुली सुटन.